हैमाच्या अलीकडे

मस्कत सोडलं तेव्हा पाच वाजले होते
आणि खानोलकर बीपीच्या गोळ्या विसरला होता.
परत फिरलो. पुन्हा सोडलं मस्कत, सहा वाजता.
इक्बालची गाडी, साडेचार लाख किलोमीटर पळालेली,
डाव्या आरशाला चिकटपट्टी.
सलालात तिचं गिऱ्हाईक ठरलंय.
गाडी द्यायची, पैसे घ्यायचे, रात्रीच्या बसने परत,
आणि सोमवारी इक्बालच्या व्हिसावर शेवटचा शिक्का.
एकोणतीस वर्षं.
तिकिटं काढा रे, म्हणाला होता फोनवर,
एकदा तरी बघून जा
मी कुठे होतो ते.

बघायला काय आहे?
रस्ता आहे. सरळ.
इतका सरळ की जेरोम म्हणाला,
ह्यापेक्षा आपल्या प्राचार्यांच्या भांगात वळणं जास्त होती.
हसण्यासारखं फार काही नव्हतं त्यात,
पण खानोलकरला ठसका लागेपर्यंत हसलो.

आदम नावाचं गाव लागलं.
मग पुढचं हव्वा असेल.
पुढे नुसती हवा आहे, इक्बाल म्हणाला,
आणि होतीच. काच खाली केली
की बेकरीच्या भट्टीचं दार उघडल्यासारखी.
उंटांच्या पाट्या. मग उंट. मग पाट्याच.
दूर तेलाच्या विहिरीवर ज्योत,
भर दुपारी कोणी समई शांत करायला विसरल्यासारखी.
घाब्याच्या पंपावर चहा, कागदी कपात,
देणारा पोरगा कोल्लमचा.
इक्बालिक्का, लास्ट ट्रिप? म्हणाला,
आणि पैसे घेईना.
इक्बाल कप रिकामा झाल्यावरही पीत राहिला.

हैमाच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली.
उतरा.
काही नव्हतं तिथे.
सिमेंटचा हातभर चौथरा,
त्यातून वर आलेले चार गंजलेले बोल्ट.
इथे टेलिफोन होता, तो म्हणाला.
शुक्रवारी रिगवरून यायचो, कार्ड घालायचो.
मागे रांग, पठाण, बंगाली, कोण कोण,
प्रत्येकाला तीन मिनिटं.
दोन घरी बोलायचो.
एक वाचवून तुम्हाला.

जेरोमकडे वाण्याच्या दुकानात यायचा फोन,
तो मळ्यातून पळत पोचेपर्यंत मिनिट संपलेलं,
मग वाणीच सांगायचा, बरा आहे म्हणे.
खानोलकर म्हणाला, मला तर तू शिव्याच द्यायचास मिनिटभर.
मी बोल्ट मोजत होतो. चारच होते.

शहाण्णव साल, चिपळूण.
खालच्या लेलेकाकूंनी जिन्यातून हाक मारली,
आखातातून आहे हो,
आणि मी बायकोला हातानेच सांगितलं, नाही म्हण.
त्याचे अठरा हजार होते माझ्याकडे.
दिले नंतर. दोन वर्षांनी,
दाभोळला जाऊन त्याच्या अब्बांच्या हातात,
त्यांनी मोजलेही नाहीत, सरबत दिलं.
तो विषय पुन्हा निघाला नाही.
आता कुठून काढायचा,
ह्या उन्हात?

तुझ्याकडे कधी कधी लागायचा नाही,
इक्बाल म्हणाला, माझ्याकडे न बघता,
बुटाने चौथऱ्यावरची वाळू सारत.
मग उरलेलं मिनिट मागच्या पठाणाला द्यायचो.
त्याची बायको फार बोलायची.
त्याला पुरायचं नाही.

मग किल्ली माझ्याकडे फेकली.
चालव आता तू. मला मागे बसू दे जरा.

इथे सगळंच उलट्या हाताला.
रस्त्यावर यायचं म्हणून इंडिकेटर द्यायला गेलो
तर वायपर फिरला,
कोरड्या काचेवर खर्र, खर्र,
धुळीत दोन कमानी काढत.
जेरोम हसला. खानोलकरने गोळी घेतली.
आरशात पाहिलं तर इक्बाल झोपलेला,
तोंड उघडं, होस्टेलवर झोपायचा तसाच,
एक हात सीटखाली लोंबता.

वायपर कसा बंद करायचा
हे विचारायला त्याला उठवावं लागलं असतं.
सलाला पाचशे किलोमीटर.
चालू दिला.